तारेवरचे १२९ मणी

एन्झाइम म्हणजे शरीरातले कारागीर, असे आपण शाळेत शिकतो. पण या कारागिराचे हात नेमके कुठे असतात? महाळुंग्यातल्या घरी नातीने आणि मी ते तांब्याच्या तारेवर पाहिले. अंड्याच्या पांढऱ्या बलकातले लायसोझाइम जंतूंच्या भिंतीतली शर्करांची साखळी तोडते. त्यात अमिनो आम्लांचे १२९ दुवे, म्हणून तेवढे मणी ओवले. ३५ वा आणि ५२ वा तांबडा. सरळ तारेवर दोघे एकमेकांपासून दूर. पुस्तकातले चित्र पाहून तार दुमडली, तशी मध्ये खाच पडली आणि दोन्ही तांबडे मणी तिच्या काठांवर समोरासमोर आले! बँकेच्या लॉकरला ग्राहकाची आणि बँकेची, अशा दोन किल्ल्या लागतात, तसेच हे.

हा निव्वळ खेळ नव्हे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १९६५ साली डेव्हिड फिलिप्स यांच्या चमूने क्ष-किरणांनी ही रचना उलगडली. खाचेत तीन शर्करा दिसल्या. पुढच्या तीन त्यांनी प्रतिकृतीत बसवून पाहिल्या. चौथी जरा पिरगळल्याशिवाय बसेना. साखळी चौथी-पाचवीच्या मध्ये तुटते, हा तर्क त्यातूनच पक्का झाला.

आमच्याजवळच्या पाषाणमधील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी यॉर्कच्या सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये पेनिसिलिन व्ही अ‍ॅसिलेजची रचना प्रसिद्ध केली. पेनिसिलिनपासून नव्या औषधांचा पाया सुटा करणारे हे एन्झाइम. त्याचा कळीचा मणी साखळीत अगदी पहिला! जंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले असताना ही खाच ओळखणारी मुले हवीत. सुट्टीत त्यांच्या हाती तार आणि मणी देऊन पाहा.