परवाना नको, फौजदारीही नको

वेश्याव्यवसाय कायदेशीर करावा का, या वादात उतरणाऱ्या बहुतेकांचा समज असा असतो की आज तो बेकायदा आहे. प्रत्यक्षात 1956 चा कायदा, ज्याला पोलीस आणि वस्तीतल्या बायका 'पीटा' म्हणतात, प्रौढ स्त्रीने आपल्या मर्जीने देहविक्री करणं हा गुन्हा मानतच नाही. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाप्यात सापडलेल्या तीन तरुणींना सुधारगृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला, तेव्हा हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं. या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे ते त्या स्त्रीच्या भोवतालचं जवळपास सगळं जगणं. रस्त्यावर गिऱ्हाइकाला खुणावलं तर कलम 8 लागू होतं, आणि पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. देऊळ, शाळा, दवाखाना अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत धंदा केला तर कलम 7 लागू होतं. दाटीवाटीच्या शहरात 200 मीटरची ही अट पाळता येईल अशी गल्ली शोधून सापडणार नाही. तिच्या कमाईवर जगणारा कोणीही प्रौढ माणूस कलम 4 खाली आरोपी होऊ शकतो, मग ती तिची म्हातारी आई असो की अठरा वर्षं पूर्ण झालेला, कॉलेजात शिकणारा मुलगा असो. सगळ्यात जाचक आहे ती कुंटणखान्याची व्याख्या. दोन स्त्रियांनी परस्परांच्या फायद्यासाठी वापरलेली खोलीही तिच्यात बसते. म्हणजे दलाल नको, घरवाली नको, आपण दोघी मिळून भाड्याची खोली घेऊ आणि एकमेकींवर लक्ष ठेवू, असं दोघींनी ठरवलं की त्या कायद्याच्या लेखी कुंटणखाना चालवू लागतात. या स्त्रियांसाठी सर्वांत सुरक्षित असलेली व्यवस्था कायद्याने अशी सर्वांत धोक्याची करून ठेवली आहे, आणि त्यामुळेच त्यांना दलालाच्या आणि हप्ता घेणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं.

यावर पहिला उपाय सुचवला जातो तो परवान्याचा: नावं नोंदवा, ओळखपत्रं द्या, दर महिन्याला वैद्यकीय तपासणी करा. हा उपाय आपण एकदा करून पाहिला आहे. इंग्रजांनी 1868 साली गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी वेश्यांची सक्तीची नोंदणी आणि तपासणी सुरू केली. त्यातून बायकांचा छळ झाला, पोलिसांच्या हाती अमर्याद सत्ता आली आणि 1888 साली तो कायदा मागे घ्यावा लागला. जर्मनीचा अनुभव ताजा आहे. तिथे 2002 साली वेश्याव्यवसायाला करार, विमा आणि नोकरीचे हक्क देण्यात आले. पाच वर्षांनी सरकारी आढावा घेतला गेला, तेव्हा नोकरीचा करार असलेल्या स्त्रिया जेमतेम एक टक्का निघाल्या. 2017 मध्ये नोंदणी सक्तीची झाली. 2019 अखेर सुमारे 40 हजार नावं नोंदली गेली होती, आणि प्रत्यक्षातली संख्या याच्या कित्येक पट असावी असं तिथेच मानलं जातं. कारण सोपं आहे. ज्या कामामुळे घर, नातेवाईक आणि मुलांची शाळा हातची जाऊ शकते, त्या कामाच्या सरकारी यादीत कोण आपणहून नाव घालेल? परवाना आला की परवाना नसलेली स्त्री पुन्हा गुन्हेगार ठरते, आणि ती नेहमी अधिक गरीब असते.

दुसरा मार्ग स्वीडनने 1999 साली घेतला. तिथे देह विकणाऱ्या स्त्रीला शिक्षा नाही, पैसे देणाऱ्या पुरुषाला आहे. पुढे नॉर्वे आणि 2016 साली फ्रान्स याच वाटेने गेले. फ्रान्सच्या कायद्याला देहविक्री करणाऱ्यांनी दिलेलं आव्हान युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने 2024 मध्ये फेटाळलं. या विचारामागे नैतिक कळकळ आहे आणि ती मी कमी लेखत नाही. पण गिऱ्हाईक घाबरलं की सौदा घाईत आणि अंधाऱ्या कोपऱ्यात होतो. माणूस कसा आहे हे पारखायला, निरोधचा आग्रह धरायला, नको म्हणायला जो थोडा वेळ मिळायचा, तोही जातो. उत्तर आयर्लंडमध्ये 2015 साली असाच कायदा झाला. तिथल्याच न्याय खात्याने करून घेतलेल्या 2019 च्या पाहणीत हा व्यवसाय कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

न्यूझीलंडने 2003 साली एका मताच्या फरकाने तिसरा मार्ग निवडला. चार स्त्रियांपर्यंत कोणीही एकत्र येऊन, मालकाशिवाय आणि परवान्याशिवाय काम करू शकतात. जबरदस्ती आणि अठरा वर्षांखालच्या मुलीशी व्यवहार हे मात्र कडक गुन्हे राहिले. 2008 च्या अधिकृत आढाव्यात व्यवसायातल्या स्त्रियांची संख्या वाढल्याचं दिसलं नाही. 2014 मध्ये वेलिंग्टनच्या एका स्त्रीने कुंटणखान्याच्या मालकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार जिंकली आणि तिला 25 हजार डॉलर भरपाई मिळाली. आपल्याकडे अशी तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईलाच आधी स्वतःच्या धंद्याचा जाब द्यावा लागेल.

मुक्तता दिली तर मुलींची विक्री वाढेल, हा आक्षेप गंभीर आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात, वेश्याव्यवसाय कायदेशीर असलेल्या देशांकडे मानवी तस्करीची आवक जास्त आढळली. पण तो अभ्यास नोंद झालेल्या प्रकरणांवर बेतलेला होता, आणि जिथे पोलीस व न्यायालयं अधिक उघडपणे काम करतात तिथे नोंदीही अधिक होतात. आपल्याकडे तस्करीला भारतीय न्याय संहितेचं कलम 143 आहे, तस्करीतून आणलेल्या स्त्रीचं जाणूनबुजून शोषण करणाऱ्याला कलम 144 आहे, मुलांसाठी पोक्सो आहे. या कलमांना हात लावावा असं कोणीही म्हणत नाही. नव्या आणलेल्या मुलीची खबर सर्वांत आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला लागते. कोलकात्यातल्या सोनागाछीत दुर्बार या वेश्यांच्या संघटनेने नव्याने आलेल्या मुलीचं वय आणि मर्जी तपासणारी मंडळं उभी केली. सांगलीत 1996 पासून काम करणाऱ्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेचा अनुभवही हाच सांगतो की संघटित बाई बोलते. चौकीत गेल्यावर आपणच आत जाऊ, ही भीती असेल तर ती गप्प राहते.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो जातीचा आक्षेप. या व्यवसायात कोणत्या जातींच्या मुली ढकलल्या गेल्या, यल्लमाला कोणत्या घरांतून मुली सोडल्या गेल्या, हे महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला सांगायला नको. जून 1936 मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी कामाठीपुऱ्यातल्या देवदासी आणि जोगतिणींना हे जिणं सोडून मानाने जगण्याचं आवाहन केलं होतं. मर्जी, निवड हे शब्द अशा ठिकाणी तोकडे पडतात, हे मान्यच करायला हवं. पण त्या आवाहनात बाहेर पडण्याचं बळ त्या स्त्रियांकडे मागितलं होतं, आणि पीटा ते बळच काढून घेतो. पोलिसांत नोंद असलेल्या बाईला दुसरं काम कोण देणार? 1996 साली मुंबईतल्या छाप्यांत चारशेहून अधिक मुली-बायका पकडल्या गेल्या, त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या, आणि महिनोन्‌महिने त्या सुधारगृहांत अडकून राहिल्या. गोव्यात 2004 च्या ऐन पावसाळ्यात बायणा किनाऱ्यावरची वस्ती पाडली गेली. धंदा थांबला नाही. तो विखुरला, आणि आरोग्यसेविका ज्या दारांपर्यंत पोहोचत होत्या ती दारंच उरली नाहीत.

19 मे 2022 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांनाही अनुच्छेद 21 खाली सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, हे ठासून सांगितलं आणि आधार कार्डाची सोय करायला लावली. मात्र छाप्यात स्वेच्छेने धंदा करणाऱ्या प्रौढ स्त्रीला अटक करू नये, या न्यायालयानेच नेमलेल्या समितीच्या शिफारशीवर केंद्र सरकारने हरकत घेतली आहे. त्यामुळे कायदा बदलण्याचं काम संसदेचंच आहे: कलम 8 वगळणं, कुंटणखान्याच्या व्याख्येतून परस्पर फायद्यासाठी एकत्र राहणाऱ्या स्त्रिया बाहेर काढणं, कलम 4 मध्ये जबरदस्तीची अट घालणं. हे करताना न्यूझीलंडची एक चूक टाळावी लागेल. तिथे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या स्त्रियांना या संरक्षणातून वगळलं गेलं, आणि गैरफायदा घेणाऱ्यांना नेमक्या त्याच सापडल्या. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत नेपाळच्या आणि बांगलादेशच्या स्त्रिया आहेत. त्यांच्याकडे कागद नसले तरी पोलिसांत तक्रार करण्याचा हक्क नव्या कायद्यात त्यांचं नाव घेऊन लिहावा लागेल.