दरपत्रकातील खोडलेली ओळ

दिवाळीनंतर पुतण्याने माझ्यापुढे एक दरपत्रक ठेवले. पेढीवरील दागिन्यांची छायाचित्रे यापुढे स्वतःच काढावीत, आणि माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या, आठवणीही चित्रित करून ठेवाव्यात, असा त्याचा मनोदय होता. पहिल्या ओळीत शंभर मेगापिक्सेलचा मीडियम फॉरमॅट कॅमेरा होता, पुढे दोन लेन्स, आणि अखेरची ओळ, वायरलेस माइकचा संच, पेनाने खोडलेली. "रक्कम फार वाढत होती, काका," तो म्हणाला. बँकेत कर्जप्रस्तावांसोबतची दरपत्रके तपासण्यात माझी उमेद गेली. माझी नजर खोडलेल्या ओळीवर आधी जाते.

मीडियम फॉरमॅटचे मोठेपण खोटे नाही. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. फुजीफिल्मच्या जीएफएक्स किंवा हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेतील सेन्सर सुमारे ४४ बाय ३३ चा, म्हणजे क्षेत्रफळाने जवळजवळ १.७ पट. रंगांच्या सूक्ष्म छटा आणि सावलीतील तपशील त्यात अधिक उतरतात. परंतु सराफाची अडचण निराळी. सेन्सर जितका मोठा, तितकी चौकट तशीच आणि छिद्रही तेवढेच ठेवल्यास स्पष्ट दिसणारी खोली कमी. बांगडीची पुढची कड रेखीव येते आणि मागची धूसर होते. छिद्र लहान करावे तर प्रकाश अधिक लागतो, आणि ते अति लहान केल्यास रेखीवपणाच उणावतो. चांगली मॅक्रो लेन्स, भक्कम तिपाई आणि पांढऱ्या पडद्यातून गाळलेला सौम्य प्रकाश यांनी जे साधते, ते केवळ महागड्या कॅमेऱ्याने साधत नाही.

मग शंभर मेगापिक्सेल कशासाठी? १२ बाय १८ इंचांच्या उत्तम छपाईला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, वीस मेगापिक्सेल पुरतात. उलट या कॅमेऱ्याचे सोळा बिटचे, न दाबलेले एक मूळ चित्र सुमारे २०० एमबी जागा घेते. त्यासाठी लागणारा संगणक आणि साठवण दरपत्रकात नव्हतीच. खेळत्या भांडवलाचा विचार न करता यंत्र आणणारे कर्जदार मला आठवले.

"मग जुना फिल्मचा मीडियम फॉरमॅट घेऊ का? स्वस्त मिळतो," त्याने विचारले. तरुणांत ती हौस पुन्हा आली आहे खरी. मात्र फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून बनते. हे ठाऊक झाल्यावर त्याने तो विषय स्वतःच मिटवला. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पिशवी चामड्याची नाही ना, हेही घेताना विचारावे.

आता ती खोडलेली ओळ. माझ्या वडिलांची एक चित्रफीत आमच्याकडे आहे. पेढी कशी उभी राहिली, ते त्यांनी तासभर सांगितले. चेहरा लख्ख दिसतो, हात हलतात. परंतु कॅमेरा दहा फुटांवर आणि डोक्यावर पंखा, त्यामुळे शब्द एकही धड लागत नाही. ती कथा त्यांच्यासोबत गेली. आता ती माहीत असलेली आई तेवढी उरली आहे, आणि तिचे वय ८६.

कॉलर माइक ओठांपासून वीतभर अंतरावर राहतो, हाच त्याचा खरा गुण. कॅमेऱ्यावर बसणारा रिसीव्हर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो. घरातील वाय-फाय त्याच पट्ट्यात असते आणि माणसाच्या शरीरातील पाणी या लहरी अडवते. म्हणून बोलणाऱ्याने पाठ फिरवली की आवाज तुटू शकतो. ट्रान्समीटरमध्येच स्वतंत्र ध्वनिमुद्रण होणारा संच घ्यावा, म्हणजे लहर तुटली तरी बोलणे उरते. कॅमेऱ्याला तीन पट्ट्यांची पिन लागते, चार पट्ट्यांची मोबाइलसाठी. दुकानातच जोडून, कानाला हेडफोन लावून ऐकावे. प्रवचनाच्या मुद्रणासाठी मात्र आधी महाराजांची आज्ञा हवी. काही परंपरांत विजेची साधने वर्ज्य आहेत.

दरपत्रक नव्याने आले. साधा फुलफ्रेम कॅमेरा, मॅक्रो लेन्स, दोन दिवे, माइक. बिल पेढीच्या नावे.

परवा पंखा बंद करून आईच्या पदराला माइक लावला. तिने तो निरखला आणि विचारले, "यात सगळं ऐकू जातं? मग सुनांचं नंतर सांगते. आधी दुकानाचं लिहून घ्या."