डेटा सेंटर आणि विजेचे गणित

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्याची ओळख कारखान्यांची. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला; १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि कारखानदारी पुढे चाकणपर्यंत विस्तारली. आता या कारखान्यांच्या शेजारी एक निराळा वीजग्राहक येत आहे. तो म्हणजे डेटा सेंटर होय. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड येथे यासाठी सुमारे २५ एकर जमीन घेतली.

डेटा सेंटर म्हणजे हजारो संगणक अहोरात्र चालविणारी इमारत. संगणकांनी घेतलेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ती उष्णता बाहेर काढणाऱ्या शीतयंत्रणेलाही वीज लागते. एक मेगावॅटचा अखंड भार दिवसाला २४,००० युनिट वीज घेतो. शेतीपंप हंगामाप्रमाणे चालतो. हा भार मात्र रात्रीही उतरत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे एकूण विजेच्या सुमारे दीड टक्का वीज वापरली. प्रमाण अल्प असले तरी हा भार मोजक्या ठिकाणी एकवटतो व त्याचा ताण तेथील उपकेंद्रांवर आणि वाहिन्यांवर पडतो.

या वाहिन्यांचे महत्त्व ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे प्रत्ययास आले. दाट धुके व दव यांमुळे लोणीकंद व चाकण परिसरातील ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण येथील वीजपुरवठा खंडित झाला. अशा वेळी डेटा सेंटरमधील बॅटऱ्या तत्काळ भार उचलतात व काही क्षणांतच डिझेल जनित्रे सुरू होतात. सामान्य ग्राहकाजवळ ही सोय नसते.

परंतु हीच जनित्रे सर्वांच्या उपयोगी पडू शकतात, हे याच परिसराने दाखविले आहे. २००६ मध्ये भारनियमनाच्या काळात येथील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालविली व त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली. त्याचा जादा खर्च ग्राहकांनी विश्वासार्हता आकाराच्या रूपाने सोसला. ‘पुणे मॉडेल’ म्हणून तो प्रयोग ओळखला गेला. मात्र डिझेलची वीज महाग व धुराची असल्याने तो कायमचा उपाय नव्हे. बॅटऱ्यांचा असा उपयोग अधिक श्रेयस्कर ठरेल.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे ग्रामपंचायतींच्या पडीक जमिनीवर सौरवीज निर्माण होऊन शेतीपंपांना दिवसा वीज देता येते. सूर्य मावळल्यावरही चालणाऱ्या डेटा सेंटरसाठी साठवलेली किंवा जलविद्युत, औष्णिक यांसारख्या अन्य स्रोतांची वीज लागते. म्हणून अशा प्रकल्पास जागा देतानाच वीज कोठून येणार, वाहिनी कोणती आणि तिचा खर्च कोण सोसणार, हे तीन प्रश्न निकालात काढणे अगत्याचे आहे. तसे झाल्यास नव्या उद्योगाचा भार गावाच्या दिव्यावर पडणार नाही.