एकाच वायूचे दोन भाव

पर्शियन आखाताच्या तळाखाली सुमारे तीन किलोमीटरवर, चुनखडी आणि डोलोमाइटच्या सच्छिद्र थरांत, नैसर्गिक वायूचा जगातला सर्वांत मोठा साठा आहे. क्षेत्रफळ ९,७०० चौरस किलोमीटर. साठा एकसंध आहे, पण त्याच्यावरून दोन देशांची सागरी सीमा जाते. ६,००० चौरस किलोमीटर कतारकडे, त्याचं नाव नॉर्थ फील्ड. उरलेले ३,७०० इराणकडे, त्याचं नाव साउथ पार्स.

आता या दोघांत श्रीमंत कोण? बीपी कंपनीच्या आकडेवारीनुसार २०२० अखेर इराणकडे देशभरात मिळून ३२ लाख कोटी घनमीटर वायू होता, कतारकडे २५ लाख कोटी. त्या वर्षी इराणने २५ हजार कोटी घनमीटर वायू काढला, कतारने १७ हजार कोटी. म्हणजे साठ्यात आणि उपशात, दोन्हीकडे इराण पुढे. साठ्याला बाजारभावाने गुणून ‘अमुक देशाच्या जमिनीत इतके डॉलर’ असे तक्ते अधूनमधून छापून येतात. त्यांतही इराणच वरचढ ठरेल. माझ्या मते हे तक्ते रद्दीत टाकण्याच्या लायकीचे आहेत. जमिनीखालच्या वायूला भाव नसतो. तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचला की भाव येतो, आणि पोचवणं हीच खरी अडचण आहे.

तेल पिंपात भरता येतं. वायू पसरतो. १९७१मध्ये शेल कंपनीला नॉर्थ फील्डचा शोध लागला, तेव्हा हवं होतं तेल; हाती लागलेल्या वायूचं करायचं काय, हा प्रश्न पुढे वीस वर्षं रेंगाळला. कतारने त्याला दिलेलं उत्तर म्हणजे थंडी. मिथेन उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत गार केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं. हाच एलएनजी.

कतारमधल्या रास लफान इथल्या कारखान्यांत हे काम चालतं, पण वायू थेट गार करून भागत नाही. आधी त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढायचा, कारण तो विषारी आणि धातू कुरतडणारा. कार्बन डायऑक्साइड राहिला तर तो गोठून नळ्या तुंबतात. पाण्याचा अंशही तसाच. पाऱ्याचा लवलेश उरला तरी ॲल्युमिनियमचे उष्णता-विनिमयक पोखरले जातात. या सगळ्या सोपस्कारांत वायूचा बराच भाग इंधन म्हणून तिथेच खर्ची पडतो. मात्र जोडउत्पन्नही मिळतं. या वायूत हेलियम जेमतेम ०.०४ टक्के, पण द्रवीकरणात बाकीचे घटक वेगळे होत गेल्यावर तो हाती लागतो, आणि एमआरआय यंत्रांपासून चिप-कारखान्यांपर्यंत त्याला मागणी असते.

पहिलं जहाज १९९६च्या अखेरीस जपानला निघालं. पुढे कतारची क्षमता वर्षाला ७.७ कोटी टनांवर गेली. एक टन एलएनजीत साधारण ५२ एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट) उष्णता असते. एमएमबीटीयूला १० डॉलर भाव धरला तर वर्षाचे ४,००० कोटी डॉलर होतात, आणि लोकसंख्या परदेशी कामगार धरून तीस लाखांच्या आसपास.

इराणचा वायू नव्वद टक्क्यांहून जास्त घरातच जळतो: स्वयंपाकाला, शेगड्यांना, वीजकेंद्रांना, तोही नाममात्र दराने. काही वायू जुन्या तेलक्षेत्रांत दाब टिकवायला परत जमिनीत सोडला जातो. इराणचे राज्यकर्ते वेडे आहेत असं याचा अर्थ कुणी काढू नये. नऊ कोटी लोकांना ऊब देणाऱ्या वायूला मोल आहेच, फक्त ते डॉलरच्या रकान्यात दिसत नाही. पण स्वस्ताईने मागणी इतकी फुगली की २०२४च्या डिसेंबरात वायूच्या तुटवड्यामुळे तिथे शाळा आणि कचेऱ्या बंद ठेवाव्या लागल्या. द्रवीकरणाचं तंत्रज्ञान आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे मिळालं नाही. एलएनजीचा कारखाना अर्धवट पडून राहिला. साउथ पार्सच्या अकराव्या टप्प्यातून २०१८मध्ये फ्रान्सची टोटाल बाहेर पडली, पाठोपाठ चिनी कंपनीही.

इथे उशीर महागात पडतो. बांधाला बांध लागून दोन शेतं असावीत, एकाने आधी खोल बोअर मारावी आणि दुसऱ्याची पातळी उतरावी, तसं हे आहे. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरकतो. सीमारेषा त्याला अडवत नाही. इराणला साउथ पार्सचा शोधच १९९०मध्ये लागला आणि उत्पादन सुरू व्हायला २००२ उजाडलं.

आणि वायू बाजारात पोचला तरी भाव ठरलेला नसतो. भारताची पेट्रोनेट कंपनी २००४पासून कतारकडून दहेज बंदरात एलएनजी घेते; पुढे हे प्रमाण वर्षाला ७५ लाख टनांवर गेलं. या कराराचा दर खनिज तेलाच्या पाच वर्षांच्या सरासरीला बांधलेला होता. २०१४पासून तेल कोसळलं तरी जुनी सरासरी चढीच राहिली आणि भारत दुप्पट दर मोजत राहिला. २०१५च्या अखेरीस सरासरी तीन महिन्यांवर आणली गेली आणि १२-१३ डॉलरचा दर ६-७ डॉलरवर उतरला. वायू तोच, जहाजंही तीच, बदललं ते कागदावरचं सूत्र. २०२८पासून पुढची वीस वर्षं हाच पुरवठा चालू ठेवण्याचा करार फेब्रुवारी २०२४मध्ये गोव्यात झाला.