राजीनाम्याआधी माळरान वाचायला शिका

आयटीत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या, हाताखाली मोठी टीम असलेल्या माणसाला चाळिशीत वाटू लागतं की आता निसर्गासाठी काम करावं. पुण्या-बंगळुरूत अशी माणसं सतत भेटतात. त्यांच्या मनात जंगल असतं, झाडं लावणं असतं. संवर्धनाच्या क्षेत्राला मात्र त्यांच्याकडून नियोजन, हिशेब आणि आकड्यांवर शंका घेण्याची सवय हवी असते.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. उल्लास कारंथ मूळचे मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी सोडून ते आधी शेतीकडे आणि मग वन्यजीवशास्त्राकडे वळले. तेव्हा आपल्याकडे वाघ मोजायचे ते पायांच्या ठशांवरून. या मोजणीत चूक किती, हे कळणार कसं, हा प्रश्न कारंथांनी लावून धरला आणि कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. प्रत्येक वाघ त्याच्या पट्ट्यांवरून ओळखता येतो; पण त्याच्या दोन कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे. एकदा टिपलेला वाघ पुन्हा किती वेळा टिपला जातो, त्यावरून न दिसलेल्या वाघांचाही अंदाज बांधता येतो. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ठशांच्या मोजणीवरचा विश्वास उडाला. २००६ च्या देशव्यापी गणनेत कॅमेरे आले; तिचा अंदाज होता १,४११ वाघ.

या कॅमेऱ्यांतल्या फोटोंचा गठ्ठा एकदा पाहावा. वाऱ्यानं हललेलं गवत, गुरं, सरपण आणणाऱ्या बाया, पुन्हा गवत. त्यातून कामाचे फोटो निवडायचे, तारीख-ठिकाण जुळवायचं, नोंद पक्की करायची. छोट्या संस्थांत हे काम दिवसभर रानात फिरून आलेला अभ्यासकच रात्री करत बसतो. वर देणगीदारांचे अहवाल असतातच. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायला लावले, त्यात पर्यावरणही आलं. पण त्या पैशाचा हिशेब नीट मांडणारी माणसं संस्थांकडे फार थोडी आहेत. टेक मॅनेजरनं पहिल्या दिवसापासून उचलावं असं हे काम आहे.

आनंद मल्लिगवाड हेही इंजिनिअर. बंगळुरूजवळचा सुमारे ३६ एकरांचा क्यालसनहळ्ळी तलाव त्यांनी २०१७ मध्ये कंपनीच्या सीएसआर निधीतून पुन्हा जिवंत केला आणि पुढे नोकरी सोडून हेच काम धरलं. त्यासाठी ते जुन्या काळच्या तलावांची बांधणी अभ्यासत राहिले. मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

कारण मॅनेजरचा वेग इथे घातही करू शकतो. अमुक महिन्यांत अमुक हजार रोपं, हे टार्गेट सोपं आहे. सासवड, बारामती, सोलापूरकडची माळरानं मात्र मुळातच गवताची आहेत. लांडगा, चिंकारा, माळढोक यांना ती उघडीच लागतात. सरकारदप्तरी ‘पडीक’ लिहिलेल्या या जमिनीवर खड्डे खणून झाडं लावली की गवत मरतं आणि त्याबरोबर धनगराची चराईही जाते. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेली उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड, अशाच उत्साहाची साक्ष आहे. काही जागी काहीच न लावणं हेच संवर्धन असतं. ते प्रेझेंटेशनमध्ये दाखवणं अवघड आहे, पण दाखवलंच पाहिजे.

शिकायच्या सोयी आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) वनस्पती, पक्षी यांचे अभ्यासक्रम चालवते, पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी आहे. उत्पन्न मात्र खूप घटेल. घराचं कर्ज, मुलांचं शिक्षण आणि आई-वडिलांचं औषधपाणी यांचा हिशेब घरच्यांसोबत बसून आधी करा. आणि राजीनामा देण्यापूर्वी जवळचं एक तळं किंवा एक माळ निवडा. वर्षभर, तिन्ही ऋतूंत, तिथे जा. काय उगवतं, कोण येतं, कोण चारतं, पाणी कुठून येतं, हे वहीत लिहा. मग एखाद्या संस्थेच्या दारात जा आणि मी काय लावू, असं न विचारता तुमचं कोणतं काम अडलंय, असं विचारा.