ओठावर उठलेला जर

पाऊस ओसरला की दिल्लीत तापाचा हंगाम सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात सरकारी रुग्णालयांपासून नोएडा-गाझियाबादच्या गल्लीतल्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे रांगा लागतात. ताप हटतो, घरचे निःश्वास टाकतात आणि ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका दिसू लागतो. आपण म्हणतो, जर उठला. शेजारच्या आंटी ‘मकड़ी मूत गई’ म्हणून मोकळ्या होतात. बिचाऱ्या कोळ्याचा यात काडीचाही संबंध नसतो. आणि तापाचा? असतो, पण आपल्याला वाटतो तसा नाही.

जुन्या डॉक्टरांना या फोडांचं मोठं अप्रूप होतं. रक्ताची तपासणी हाताशी नसे तेव्हा रुग्णाचा ओठही काहीतरी सांगून जाई. विल्यम ऑस्लर यांच्या विख्यात पाठ्यपुस्तकात नोंद आहे: मलेरियात आणि न्यूमोनियात असे फोड वरचेवर दिसतात, टायफॉइडमध्ये मात्र क्वचितच. हिवतापानं पिढ्यान्‌पिढ्या गांजलेल्या दिल्लीसारख्या शहरात असा फरक सांगणारी खूण म्हणजे चैनीची गोष्ट नव्हती. आज कोणी ओठ बघून मलेरियाचं निदान करू नये, रक्ताचा थेंब काचेवर घेणं केव्हाही बरं. पण त्या नोंदीतली एक गोष्ट फार मोलाची आहे. ताप फोड निर्माण करत नाही. आत आधीच दडून बसलेल्याला तो उठवतो, आणि प्रत्येक ताप सारख्याच जोरानं उठवत नाही.

दडून बसलेला असतो तो हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतली ३८० कोटी माणसं, म्हणजे त्या वयोगटातली ६४ टक्के, हा विषाणू बाळगून आहेत. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, कुणाच्या तरी प्रेमळ पाप्यातून. कधी त्या वेळी मुलाला सणकून ताप येतो, हिरड्या लाल होऊन सुजतात, पोर दोन-चार दिवस अन्नाला शिवत नाही. पुष्कळदा काहीच होत नाही. पुढे आयुष्यभर अनेकांच्या ओठावर एकही फोड येत नाही. तेव्हा डॉक्टरांनी ‘हर्पिस’ म्हटल्याबरोबर नवरा-बायकोनं एकमेकांकडे संशयानं बघण्याचं कारण नाही.

तो दडतो कुठे, हे कळायला बराच काळ गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग चेहऱ्याच्या असह्य कळांवर शस्त्रक्रिया करत. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेच्या पेशींची एक गाठ कवटीच्या तळाशी असते, तीच ते काढून टाकत. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या चेहऱ्यावर फोड उठत, पण जिथल्या नसेचा संबंध तोडला होता तो भाग कोरा राही. म्हणजे फोडाचा रस्ता नसेतून येत होता. खात्रीचा पुरावा मिळाला तो १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. आधी उंदरांच्या आणि मग मृत माणसांच्या अशाच गाठींमधून संशोधकांनी विषाणू जागा करून दाखवला.

ओठाच्या त्वचेत शिरलेला विषाणू तिथल्या नसेच्या टोकातून उलटा प्रवास करत त्या गाठीत पोचतो आणि आपली जनुकं तिथे जवळजवळ मिटून ठेवतो. प्रथिनं बनवत नाही, तर प्रतिकारशक्तीला तो दिसणार कसा? पुढे कधी अंगात ताप भरतो, जागरणं होतात, पाळी येते, दाढेचं काम करताना ओठ ताणला जातो, ऊन लागतं. मग त्यातले काही विषाणू त्याच नसेतून परत ओठावर उतरतात. म्हणूनच फोड दर खेपेला जवळपास त्याच जागी येतो. ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून गुलकंद आणि सब्जा खाल्ला तर पोटाला गार वाटेल, पण कवटीच्या तळाशी बसलेल्याला त्याची खबरही लागत नाही.

उन्हाचं मात्र खरं आहे, आणि दिल्लीकरांनी ते मनावर घ्यावं. इथे दोष गरमीचा नाही, अतिनील किरणांचा आहे. ओठाच्या त्वचेत संरक्षक रंगद्रव्य कमी आणि वरचा थरही पातळ. १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक नेटका प्रयोग छापून आला होता. वारंवार फोड येणाऱ्यांच्या ओठांवर मुद्दाम अतिनील किरण सोडले. नुसतं औषधविरहित मलम लावलेल्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांना फोड आले, सनस्क्रीन लावलेल्यांपैकी एकालाही नाही. गुरुग्रामहून शनिवार-रविवार जोडून रोहतांगला धावणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात ठेवायला हवं. जवळपास चार हजार मीटर उंचीवर किरण अधिक तीव्र, त्यात खालचा बर्फ ते परत तोंडावर फेकतो. थंडी वाजतेय म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं, आणि सोमवारी ऑफिसात ओठ सुजलेला असतो. तिथे जाताना ओठांना सनस्क्रीनचा बाम हवा, नुसतं व्हॅसलीन पुरत नाही.

आता औषध. असायक्लोव्हिर बरोज वेलकम कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. त्यामागच्या गर्ट्रूड एलियन यांच्याकडे रीतसर पीएचडी नव्हती, पण १९८८ चं नोबेल त्यांच्याकडे चालत आलं. या रेणूची गंमत अशी की तो स्वतःहून कामच करत नाही. त्याला चालू करणारं विकर विषाणूकडे असतं. ज्या पेशीत विषाणू हातपाय पसरतो आहे तिथेच औषध जागं होतं, विषाणूच्या नव्या डीएनएमध्ये जाऊन बसतं आणि साखळी तिथेच तुटते. निरोगी पेशींना त्याची फारशी झळ लागत नाही. विषाणूवर इतकं नेम धरून मारा करणारं औषध तोवर हाती आलं नव्हतं. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

पण याच गमतीत त्याची मर्यादाही आहे. गाठीत निजलेला विषाणू डीएनए बनवतच नाही, त्यामुळे त्याला औषध शिवत नाही. आणि ओठावर फोड पूर्ण भरला तोवर विषाणूचं बहुतेक काम आटोपलेलं असतं. पुढची सूज, खपली, सगळी आपल्याच शरीराची आवराआवर. औषधाला खरी संधी मिळते ती फोड यायच्या आधी, ओठाच्या त्या ठरावीक जागी मुंग्या येतात, चुणचुणतं, किंचित ताणल्यासारखं वाटतं तेव्हा. ज्यांना दरवर्षी त्रास होतो ते ही चुणचुण बरोबर ओळखतात, आणि ‘बघू उद्या’ म्हणतात. त्या उद्यात सगळं हातचं जातं. वालासायक्लोव्हिरची दोन ग्रॅमची मात्रा, बारा तासांनी पुन्हा तेवढीच, एका दिवसात उपचार संपतो. पण सुरुवात त्या चुणचुणीवर हवी. इतकं करूनही आजार कमी होतो तो साधारण एका दिवसानं. पाच टक्क्यांच्या मलमाचा फायदा त्याहून कमी. लग्नाच्या तोंडावर एक दिवसही मोठा असतो हे मान्य, पण जाहिरातीतल्या चमत्काराची आशा धरू नये. वारंवार जर येणाऱ्यांनी डॉक्टरांकडून चिठ्ठी आधीच लिहून घ्यावी आणि गोळ्या घरात ठेवाव्यात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा बदलते, तेवढं त्यांना आवर्जून सांगावं.

प्रत्यक्षात घडतं काय? माणूस तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे जातो. “भैया, होंठ पर कुछ हो गया है.” काउंटरवरचा पोऱ्या रुमालाखाली डोकावूनही बघत नाही, मागच्या फळीवरून एक ट्यूब आणि बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पुढे सरकवतो. बी-कॉम्प्लेक्स निरुपद्रवी, तोंडाच्या आतल्या चट्ट्यांवर आपण ते खातो तसं इथेही खाल्लं जातं, फरक काही पडत नाही. ट्यूबची मात्र धास्ती वाटते. त्यात पुष्कळदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक यांची खिचडी असते. स्टेरॉइडनं लाली उतरते, गिऱ्हाईक खूश होतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. त्वचारोगतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटना याविरुद्ध वर्षानुवर्षं ओरडते आहे. २०१८ मध्ये केंद्रानं १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर चोख आहे. असायक्लोव्हिरच्या जोडीनं सौम्य स्टेरॉइड देण्याचा शास्त्रीय प्रकारही आहे, पण तो डॉक्टरांनी ठरवायचा.

डोळ्याच्या बाबतीत हाच हलगर्जीपणा महागात पडतो. याच नसेची एक शाखा डोळ्याकडे जाते. जर येणाऱ्या माणसाचा एकच डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, अंधूक दिसू लागलं तर ‘आय फ्लू’चे थेंब केमिस्टकडून आणू नयेत. त्यात स्टेरॉइड निघालं तर बुबुळावरची जखम खोल जाऊन दृष्टी जाऊ शकते. एम्सचं राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्र दिल्लीतच आहे, किंवा जवळचा कोणताही नेत्रतज्ज्ञ. त्याच दिवशी दाखवावं.

एनसीआरमध्ये आणखी एक खूळ आहे, घरपोच रक्ततपासणीच्या पॅकेजांचं. त्यात हर्पिसच्या प्रतिपिंडांची चाचणी येते, ‘पॉझिटिव्ह’ लाल अक्षरात छापून येतं आणि झोप उडते. दोन-तृतीयांश जगाची चाचणी असाच निकाल देईल. त्यातून उपचार काही ठरत नाहीत. ओठावरचा जर बघून कळतो, त्यासाठी रक्त द्यावं लागत नाही.

संसर्ग लागतो तो थेट स्पर्शातून. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात शाळकरी कुस्तीगिरांच्या शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना त्वचेचा हर्पिस झाला, बहुतेकांना डोक्या-चेहऱ्यावर. कुस्तीत गाल गालाला घासतो, तेवढं पुरतं. दिल्लीच्या आखाड्यांत आणि आपल्या तालमींत वस्तादांनी ओठावर ओले फोड असलेल्या पठ्ठ्याला खपली धरेपर्यंत जोर-बैठकांवर ठेवावं, जोड लावू नये.

मोठ्यांना हा आजार म्हणजे आठवड्या-दहा दिवसांची लाजिरवाणी कटकट. पहिल्या महिन्यातल्या बाळाला मात्र तो मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि मग रुग्णालयात दोन ते तीन आठवडे शिरेतून असायक्लोव्हिर द्यावं लागतं. बारशाला जमलेल्या आत्या-मावश्यांपैकी जिच्या ओठावर जर आहे तिनं पाळण्याची दोरी लांबूनच ओढावी, बाळाचा पापा घेऊ नये, रागावली तरी चालेल. आईलाच जर आला असेल तर दूध तोडायची गरज नाही. स्तनावर फोड नाहीत ना एवढं पाहावं, हात साबणानं धुवावेत, मास्क लावावा आणि बाळाला खुशाल पाजावं.