गिअर पडत नसेल तर

अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असलेले धडगाव सातपुड्यात वसले असल्याने तेथील चढ-वळणांवर क्लच वारंवार दाबावा लागतो. गिअर पडेनासा झाल्यास हँडब्रेक ओढून इंजिन बंद करावे. मग गिअर सहज पडत असेल आणि इंजिन सुरू होताच अडत असेल, तर क्लच, म्हणजे इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपासून तोडणारी यंत्रणा, पुरता सुटत नसल्याचे समजावे. पेडल चार-पाच वेळा दाबल्यावर गिअर पडला, तर क्लचच्या तेलनळीत हवा शिरल्याचा किंवा गळतीचा संशय घ्यावा. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांचे तेल एकाच डबीतून येत असल्याने ही गळती विशेष गंभीर होय. इंजिन बंद असतानाही गिअर अडल्यास गिअरदांड्याची केबल तपासावी. डबीतील तेल उतरलेले दिसल्यास गाडी घाटात मुळीच उतरवू नये.